मशीन आले, पण उजेडाचे काय?

आपल्या वस्तीतून दुपारी चक्कर मारली तर चार-दोन घरांआड शिलाई मशीनचा आवाज कानी पडतो. कुणी ब्लाउज शिवते, कुणी साड्यांना पिको-फॉल करते, कुणी कारखान्यातून आलेल्या मालाला नगावर काजे-बटण लावते. 14 एप्रिल जवळ आला की निळ्या झेंड्यांच्या आणि पंचशील ध्वजांच्या ऑर्डरी येतात. दसऱ्यापूर्वी दीक्षाभूमीला निघणाऱ्यांचे पांढरे कपडे येतात. या मशीनवर कितीतरी घरांतील मुलांची फी भरली गेली आहे आणि मुलींचे कॉलेज पूर्ण झाले आहे. म्हणूनच मशीन मिळावे यासाठी आपल्या भगिनी बचत गटाचे कर्ज काढतात, योजनांचे अर्ज भरतात, कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतात. मग एखाद्या दिवशी मशीनवाटपाचा कार्यक्रम होतो, हार-तुरे होतात, फोटो निघतो. ते मशीन घरात कोणत्या कोपऱ्यात ठेवणार आणि त्याच्यावर उजेड कुठून पडणार, एवढे मात्र त्या मंडपात कुणी विचारत नाही.

मग मशीन जाते उरलेल्या जागी. दाराच्या मागे, कॉट आणि कपाटाच्या मध्ये, नाहीतर पोटमाळ्याच्या खाली. खोलीत दिवा एकच, आणि तोही समोरच्या भिंतीवर. मशीनवर बसणारीची पाठ दिव्याकडे होते आणि तिची स्वतःचीच सावली सुईवर पडते. सगळ्यांची जेवणे आटोपून, भांडी घासून रात्री नऊ-साडेनऊला ती मशीनवर बसते. टीप नीट दिसत नाही म्हणून वाकते. वाकली की मान आखडते, डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकते. टीप वाकडी गेली की उसवायचे, पुन्हा मारायचे. नगावरचे काम असेल तर खराब नगाचे पैसे कापले जातात. शेवटी ती म्हणते, “माझी नजरच गेली.” नजर खरोखर गेली असेल तर त्याचाही विचार पुढे करू. पण पुष्कळदा नजरेआधी दिव्याकडे पाहावे लागते.

शिवणकामाला चांगली जागा हवी ही गोष्ट नवी नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात त्याची हकीकत आहे. भिक्खू आपली चीवरे स्वतः शिवत. उघड्यावर बसून शिवताना त्यांना थंडी आणि ऊन यांचा त्रास होऊ लागला, तेव्हा भगवंतांनी चीवर शिवण्यासाठी वेगळी शाला बांधायला अनुमती दिली. त्याच ठिकाणी सुया ठेवण्याची नळी, बोटाला सुई लागू नये म्हणून घालायचे टोपण, कापड ताणून धरण्याची चौकट अशा बारीकसारीक वस्तूंचीही नोंद आहे. मगधातील बांधाबांधांची भातशेती पाहून तसेच चीवर बेतता येईल का, असे तथागतांनी आनंदांना विचारले आणि आनंदांनी तुकडे जोडून ते बेतले, हेही विनयातच आहे. वर्षावासानंतरच्या कठिन चीवरदानात तर मिळालेल्या कापडाचे चीवर त्याच दिवशी तयार करावे लागते. तुकडे जोडून शिवणे हे आपल्या धम्मात हलके काम कधीच नव्हते, आणि ते करणाऱ्याला ऊन-थंडीत कुढत बसवावे असेही नव्हते.

आता आपल्या दहा बाय बाराच्या खोलीकडे येऊ.

उजेड मोजण्याचे माप आहे लक्स. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक ल्युमेन उजेड पडला की तो एक लक्स. दिवा एकूण किती उजेड देतो ते ल्युमेनमध्ये मोजतात. हा आकडा बल्बच्या खोक्यावर छापलेला असतो, तो वाचण्याची सवय लावून घ्यावी. युरोपातील मानकांत शिलाईकामाला 750 लक्स आणि कापडाचा रंग तपासण्याला 1000 लक्स उजेड सांगितला आहे. आपल्या खोलीत 20 वॅटची एलईडी पट्टी असेल तर ती साधारण 2000 ल्युमेन देते. त्यातला निम्मा उजेड भिंती, कपाटे, टांगलेले कपडे खाऊन टाकतात. उरलेला सगळ्या जमिनीवर पसरला की वाट्याला येतात शंभराच्या आसपास लक्स. कोपऱ्यात त्याहूनही कमी. एवढ्या उजेडात जेवता येते, गप्पा मारता येतात, पण काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची टीप मारणे म्हणजे चाचपडणेच.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग छताला मोठा दिवा लावू. त्याने वीजबिल वाढेल आणि सुईखाली फरक थोडाच पडेल. उजेडाचा नियम असा आहे की दिव्याचे अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो. छतावरचा बल्ब कामापासून दोन मीटरवर असेल आणि तोच खाली अर्ध्या मीटरवर आणला, तर थेट पडणारा उजेड सोळा पट होतो. म्हणजे साधा 9 वॅटचा एलईडी बल्ब, डोक्यावर पत्र्याचे टोपण घालून, कामापासून दीड फुटावर आणला की साडेसातशे लक्सच्या जवळपास जाता येते. त्याचा खर्च किती? रोज चार तास धरले तर महिन्याला एक युनिटच्या थोडा वर. पूर्वीचा 100 वॅटचा पिवळा बल्ब तेवढ्याच वेळात 12 युनिट खात असे, आणि तोंडावर शेक बसे तो वेगळाच. 2015 मध्ये उजाला योजना सुरू झाल्यापासून एलईडी बल्ब गरिबाच्या आवाक्यात आले. तेव्हा दिवा नाही म्हणून अडते असे फारसे राहिलेले नाही; अडते ते तो कुठे लावायचा हे कुणी सांगितलेले नसते म्हणून.

दिवा कोणत्या बाजूला?

उजव्या हाताने काम करणारीने दिवा डावीकडे आणि थोडा पुढे घ्यावा. मग हाताची सावली कामावर पडत नाही. आपल्या नेहमीच्या मशीनची रचनाही त्याला सोयीची आहे: मशीनचा खांब उजवीकडे असतो, सुई डावीकडे, म्हणजे उजवीकडून आलेला उजेड खांबाने अडतो आणि डावीकडचा थेट सुईखाली जातो. डावखुऱ्या भगिनींनी हातशिलाईला उलट करावे. मशीनवर मात्र त्यांनाही डावा-पुढचाच दिवा ठीक पडतो. दिव्याचे टोक उघडे दिसता कामा नये. बल्ब डोळ्यांसमोर चमकत असेल तर बुबुळ आकसते आणि कापड उलट अंधारे दिसते. म्हणून टोपण हवे, आणि त्याची कड आपल्या नजरेच्या खाली हवी.

अलीकडे बाजारात वाकणाऱ्या दांडीचे, बुडाला लोहचुंबक असलेले छोटे मशीन-लाइट मिळतात. मशीनच्या लोखंडी अंगाला ते चिकटतात. सुईखालच्या जागेला ते उत्तम. पण एकटा तोच दिवा लावून बाकी खोली काळोखी ठेवू नये. सुईखाली लख्ख आणि शेजारी काळोख असे झाले की प्रत्येक वेळी मान वर केली की डोळ्यांना नव्याने जुळवून घ्यावे लागते, आणि थकवा त्यानेच येतो. खोलीतला मंद दिवा चालू आणि कामावरचा जवळचा दिवा चालू, ही जोडी चांगली.

दिवसाउजेडासारखा दिवा नाही, आणि तो फुकट आहे. मशीन खिडकीशी अशा तऱ्हेने ठेवावे की खिडकी डाव्या हाताला येईल. खिडकीकडे तोंड करून बसले तर डोळे दिपतात, पाठ केली तर सावली पडते. थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरे कापड लावावे. पत्र्याच्या घरात खिडकीच नसते, तिथे छपराचा एक पत्रा काढून पारदर्शक पत्रा बसवला की दुपार बदलून जाते. ब्राझीलमधील आल्फ्रेदो मोझर या मेकॅनिकने 2002 साली प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी आणि थोडे ब्लीच भरून ती छपरात बसवली. ऊन तिच्यातून घरभर पसरते. जगभरच्या गरीब वस्त्यांत ही युक्ती पोहोचली. आपल्याकडे करायची तर भोकाभोवतीचे सील पक्के हवे, नाहीतर पहिल्याच पावसात मशीनवर धार.

भिंतींबद्दल एक नाजूक गोष्ट. आपल्या घरांत निळा रंग प्रेमाने लावला जातो. निळा आपल्या अभिमानाचा रंग आहे, त्यात दुमत नाही. पण गडद निळी भिंत उजेड गिळते आणि चुन्याची पांढरी भिंत तो परत फेकते. बाबासाहेबांच्या आणि भगवान बुद्धांच्या प्रतिमांची भिंत निळी असू द्या. छत आणि मशीनजवळची भिंत पांढरी करा. खर्च चुन्याच्या पिशवीचा.

रंगाची फसगत

झेंड्यांचे काम करणाऱ्या भगिनींना हा अनुभव येतोच. रात्री जोडलेले कापड सकाळी उन्हात पाहिले की रंग वेगळेच. पंचशील ध्वज 1885 साली कोलंबोत प्रथम फडकला. त्यात निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच उभे पट्टे आणि त्याच रंगांचे तुकडे एकाखाली एक जोडलेला सहावा पट्टा. लाल आणि केशरी हे जवळचे रंग. हलक्या प्रतीच्या एलईडीखाली लाल मळकट दिसतो आणि केशरीत मिसळू पाहतो. गडद निळा आणि काळा तर भल्याभल्यांना फसवतात. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचेही माप आहे, त्याला सीआरआय म्हणतात. उन्हाचा 100 धरतात. साधे एलईडी 80 च्या आसपास असतात. खोक्यावर 90 किंवा जास्त लिहिलेला बल्ब थोडा महाग पडतो, पण रंगाचे काम असेल तर तोच घ्यावा. केल्व्हिनचा आकडा वेगळा: 2700 म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे निळसर पांढरा, 4000 मधला. रात्री बराच वेळ बसायचे असेल तर मला 4000 चा बरा वाटतो. 6500 चा उजेड झोपेच्या वेळी डोळ्यांत भरतो. तरीही दोऱ्याची रिळे निवडण्याचे काम दिवसाच दारात उभे राहून करावे, याला पर्याय नाही.

पांढऱ्यावर पांढरे हे आणखी कठीण. मंगल परिणयाची पांढरी साडी-पोलके, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे सदरे, श्रामणेर शिबिराहून परतलेल्या मुलांचे कपडे. इथे उजेड कमी नसतो, तो जास्त असून उपयोगाचा नसतो: वरून सरळ पडलेल्या उजेडात पांढरी टीप दिसतच नाही. दिवा बाजूला आणि खाली आणून उजेड कापडावरून तिरका सरकवला की प्रत्येक टाक्याची बारीक सावली उमटते आणि टीप उठून दिसते. काळ्या कापडाचे उलटे. काळे कापड उजेड शोषून घेते, त्याला दिवा आणखी जवळ हवा. पांढऱ्याला पुरतो त्याच्या दुप्पट-तिप्पट धरावा. आणि सुईच्या नेढ्यात दोरा ओवताना सुईमागे पांढऱ्या कागदाचा तुकडा धरावा. आजीबाईंनाही जमते.

आजीबाईंवरून वाकळ आठवली. वाकळ, गोधडी, ज्या भागात जे म्हणतात ते. जुनी लुगडी, धोतरे, साड्या एकावर एक अंथरून चारी बाजूंनी धावदोरा घालत आत यायचे. हे काम आपल्या आया पावसाळ्यापूर्वी ओट्यावर दिवसाउजेडी करत, ते काही उगाच नाही. आता त्याच गोधड्यांना शहरातून मागणी येते आणि भगिनी रात्री घरात बसून त्या पुऱ्या करतात. गोधडी जमिनीवर अंथरलेली असते. छताचा दिवा मशीनपेक्षाही लांब पडतो, शिवाय शिवणारी सरकत सरकत बाजू बदलते, म्हणजे एका जागी लावलेला दिवा कुचकामी. यासाठी लांब वायरचा टोपणवाला दिवा, तो स्टुलाला किंवा डब्याला चिमट्याने अडकवायचा आणि आपल्याबरोबर सरकवायचा. जमिनीलगतच्या तिरक्या उजेडात आतल्या थराची सुरकुती लगेच दिसते. ती धावदोऱ्याखाली दडली तर गोधडी टोचते आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

एक खोली, एक दिवा

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र हा आहे. रात्री त्याच खोलीत मुलगा दहावीचा अभ्यास करतो, धाकटी झोपलेली असते, सासरे खोकत पडलेले असतात. मोठा दिवा लावला तर झोपणाऱ्यांची झोप मोडते, बंद केला तर अभ्यास आणि शिलाई दोन्ही बंद. परळच्या चाळीत रामजीबाबा पहाटे दोनला उठवत आणि भीमराव बाकीचे झोपेत असताना दिव्याच्या उजेडात अभ्यास करत, ही कथा आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. तो उजेड किती होता आणि खोलीत माणसे किती होती हेही सांगावे. आज त्यावर उपाय आहे: टोपणाचे दोन छोटे दिवे, एक मशीनला, एक अभ्यासाच्या पाटाला. दोन्ही मिळून 18 वॅट. उजेड पडतो तो कामापुरता, भिंतीकडे तोंड करून झोपलेल्याला त्रास नाही. पण घरात दुसरा दिवा घ्यायची वेळ आली की तो मुलाच्या पाटावर जातो आणि आई टीव्हीच्या उजेडात हातशिलाई करते, असे दिसते. पैसे दोघांच्या कामाचे आहेत, तेव्हा दिवे दोन आणावेत.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते आणि वीज हा विषय त्याच खात्याकडे होता. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, तिच्यावाचून उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्य हटणार नाही, ही भूमिका त्यांनी 1943 सालीच मांडली. 1948 च्या कारखाना कायद्याच्या सतराव्या कलमात तर कामगाराला पुरेसा आणि योग्य उजेड द्यावा, डोळे दिपू नयेत, डोळ्यांवर ताण येईल अशा सावल्या पडू नयेत, खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात असे स्पष्ट लिहिले गेले. पण कारखान्याचेच काम घरी आणून नगावर करणाऱ्या बाईच्या खोलीपर्यंत ते कलम पोहोचले नाही. तिची मालक, कामगार आणि तपासनीस सगळे तीच. निदान नगाचा दर ठरवताना दिव्याचा आणि विजेचा खर्च त्यात धरायला भगिनींनी मिळून सांगावे. एकटीचे ठेकेदार ऐकत नाही, दहा जणींचे ऐकतो.

आता नजरेबद्दल. वीस वर्षांच्या मुलीच्या डोळ्यात जेवढा उजेड आत पोहोचतो, त्याचा साधारण तिसरा हिस्साच साठीच्या बाईच्या डोळ्यात पोहोचतो. म्हणून सुनेला पुरणारा दिवा सासूला पुरत नाही. ती कुरकुर करत नसते. चाळिशीनंतर जवळचे दिसायला चष्मा लागतो, त्याला आपण चाळिशीच म्हणतो, आणि तो लावायला बायका लाजतात. आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचे चष्मे दिले तेव्हा त्यांची पानतोडणी सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. हा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला आहे. शिलाईत सुईचे काम त्याहून बारीक. तपासणीला जाताना आपण सुई किती अंतरावर धरतो ते सुतळीने मोजून न्यावे, म्हणजे नंबर त्या अंतराचा मिळतो. चांगला दिवा लावूनही धूसर दिसत असेल, दिव्याभोवती रंगीत कडे दिसत असेल किंवा घरात साखरेचा आजार असेल तर दिवे बदलत बसू नये. सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात जावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तिथे मोफत होते. काचबिंदू तर गुपचूप नजर खातो आणि गेलेली नजर परत देत नाही.

विजेची सावधगिरी थोडक्यात. बल्बच्या होल्डरमधून जोड काढून मशीनची मोटर चालवू नये. तीन पिनांचा प्लग, अर्थिंग असलेला खटका, आणि वायर पायट्याखालून न नेता भिंतीकडून. उघडी जोडलेली वायर आणि जमिनीवरचे दोऱ्यांचे गुंते एकत्र ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. नवा एलईडी घेताना मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर रोखून पाहावा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतो आहे, दुकानातच बदलून घ्यावा. तशा दिव्याखाली फिरते चाक थांबल्यासारखे किंवा हळू चालल्यासारखे भासू शकते, आणि डोके दुखते ते वेगळे.

विहारांतील शिवणवर्ग चालवणाऱ्या मंडळांनी एक करावे. हॉलमध्ये दिव्यांची पट्टी मधोमध आणि मशीन भिंतींना लावलेली असतात. मुली भिंतीकडे तोंड करून बसतात आणि सगळ्यांच्या पाठीवर उजेड पडतो. मशीनची रांग खिडकीच्या भिंतीशी काटकोनात फिरवावी, पट्ट्या रांगेच्या डाव्या बाजूने, मशीनपासून चार-पाच फूट उंचीवर उतरवाव्यात. साखळीने टांगल्या तरी चालतात. दर महिन्याला कोरड्या फडक्याने पुसाव्यात, अर्थात खटका बंद करून. कापसाचे तंतू आणि धूळ बसून उजेड हळूहळू कमी होतो आणि रोज पाहणाऱ्याला ते कळत नाही. वर्गात कात्री, खडू, टेप यांची यादी पहिल्या दिवशी देतात. तीत टोपणाचा एक दिवाही लिहावा.